कोण बोलतंय?

मराठी घरात फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडचा माणूस नाव सांगतो, आपण "हां हां, बोला" म्हणतो आणि संभाषण सुरू होतं. आता मोबाईलच्या स्क्रीनवर नंबर दिसतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की या प्रश्नाचं उत्तर फोन उचलायच्या आधीच मिळालं.

माझं म्हणणं असं, की ते उत्तर मिळालेलं नसतं. स्क्रीनवरचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे. आणि ओळख पटेपर्यंत समोरच्याचा फोन मधेच ठेवून देणं हा उद्धटपणा नाही, शहाणपणा आहे. हे आमच्या घरातल्या काका-मावश्यांना मी कितीदा तोंडी सांगितलंय.. पण लिहिलेलं जरा जास्त पटतं म्हणतात, म्हणून हा प्रपंच.

फोनवर एवढा विश्वास आपल्यात आला कुठून? माझ्या मते महागाईतून! ट्रंक कॉल लावायचा तर ऑपरेटरला नंबर द्यायचा, तासन् तास वाट बघायची आणि मग तीन मिनिटांत सगळं बोलून घ्यायचं. शेजाऱ्यांचा नंबर आपल्या कार्डावर "पी. पी." म्हणून छापायचा आणि त्यांनी जिन्यातून हाक मारली की धावत जायचं. भारतात पहिला एस.टी.डी. फोन १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाला, तरी सामान्य घरापर्यंत तो पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. अशा काळात कुणी उगाच फोन करत नसे. फोन आला म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार, हे आपल्या अंगवळणी पडलं. तेव्हाही ब्लँक कॉल यायचे, नाही असं नाही, पण तो त्रास देणाऱ्याचेही पैसे जायचे.

आज एका कॉलचा खर्च जवळजवळ शून्य आहे. दिवसाला हजार फोन लावायला एक संगणक पुरतो. फोन इतका स्वस्त झाला, पण त्याच्याबद्दलचा आपला आदर मात्र ट्रंक कॉलच्या जमान्यातलाच राहिला. सगळी गोम इथे आहे.

आता नंबर कसा बदलतात ते बघू. पोस्टकार्डावर "प्रेषक" म्हणून जे लिहितो, ते पोस्टमन तपासत नाही. मी पुण्यातून पत्र टाकून प्रेषक म्हणून कोल्हापूरचा पत्ता लिहिला तरी ते पोचतंच. फोनचंही बरंचसं तसंच आहे. कॉलबरोबर पाठवणाऱ्याचा नंबर एका कंपनीच्या यंत्रणेकडून दुसऱ्या कंपनीकडे जातो. ही पद्धत बसवली गेली तेव्हा फोन कंपन्या मोजक्या होत्या आणि एकमेकींवर विश्वास ठेवून होत्या. पुढे इंटरनेटवरून कॉल करता येऊ लागले आणि त्या "प्रेषक" रकान्यात हवं ते लिहिणं सोपं झालं. म्हणून फोन परदेशातून येतो आणि स्क्रीनवर मात्र दिल्लीचा किंवा आपल्याच गावचा नंबर दिसतो. २०१८ साली वॉशिंग्टनच्या भारतीय वकिलातीला तिथल्या भारतीयांना सावध करावं लागलं होतं, कारण खुद्द वकिलातीचा नंबर दाखवून लोकांकडे पैसे मागितले जात होते.

आणि हे सगळं कुणीतरी परके लोक आपल्याला करतात, असं समजायचंही कारण नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. शेकडो जण ताब्यात घेतले गेले. आपल्याकडची विशी-पंचविशीची पोरं अमेरिकन आयकर खात्याचे अधिकारी बनून तिथल्या लोकांना फोन करत होती आणि "कर थकलाय, आत्ता भरा, नाहीतर अटक होईल" म्हणून धमकावत होती. आज आपल्या आजी-आजोबांना जो फोन येतो, तो याच नाटकाचा नवा प्रयोग आहे. फक्त आयकर अधिकाऱ्याच्या जागी सी.बी.आय. आणि कस्टम्सवाले आलेत.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये "डू नॉट कॉल"ची नोंदवही आली. १९०९ वर आजही डी.एन.डी.ची नोंद आणि तक्रार करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आणि बँकांसारख्यांच्या कामाच्या फोनसाठी २०२४ मध्ये १६०० ची मालिका आली. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं. हा आकडा मी दोनदा वाचला. एका दिवसात!

तरीही फोन येतातच. एक दार बंद झालं की दुसरं उघडतं. कधी व्हॉट्सॲपवर पोलिसाचा फोटो लावून, कधी दुसऱ्याच्या नावावर काढलेल्या सिमवरून. अमेरिकेतही मोठ्या कंपन्यांना २०२१ पासून कॉलवर एक प्रकारचं डिजिटल सही-शिक्क्याचं बंधन घातलं, पण नको असलेले फोन काही थांबले नाहीत. यंत्रणा हवीच, पण तिच्या भरवशावर झोपता येणार नाही. १६०० चंच घ्या. बँक म्हणवणारा दहा आकडी मोबाईल नंबरवरून बोलत असेल तर संशय घ्यायला हा नियम छान आहे. पण १६०० दिसलं म्हणजे ओ.टी.पी. सांगून टाका, असं मी कुणाला शिकवणार नाही.

यावर मित्रमंडळींचं उत्तर ठरलेलं. "अरे, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. विषय संपला!" मला हे पटत नाही. रस्त्यात कुणाला चक्कर आली तर त्याच्या खिशातल्या मोबाईलवरून किंवा स्वतःच्या मोबाईलवरून घरी कळवणारा माणूस अनोळखीच असतो. हॉस्पिटलमधली सिस्टर अनोळखी, हरवलेलं पाकीट सापडलं म्हणून फोन करणारा अनोळखी, गॅस सिलिंडर घेऊन खाली उभा असलेलाही अनोळखीच. अनोळखी माणूस आपल्यापर्यंत पोचू शकतो, हीच तर फोनची खरी कमाई. चोरांच्या भीतीने आपण ती घालवली, तर पैसे न जाताही चोरांनी आपल्याला लुटलंच की!

म्हणून फोन उचलावा. फक्त आपला भिडस्तपणा बाजूला ठेवावा.

या फसवणुकीत चोराकडे ना बंदूक असते, ना चाकू. त्याचं एकमेव शस्त्र म्हणजे आपण फोन ठेवत नाही हे. "लाईन कट करू नका", "कॅमेरा चालू ठेवा", "घरात कुणाला सांगू नका" ही वाक्यं ऐकलीत? तथाकथित "डिजिटल अरेस्ट"मध्ये माणसाला तासन् तास, कधी दिवसेंदिवस फोनवर अडकवून ठेवतात. असा अटकेचा प्रकार आपल्या कायद्यातच नाही. पण साहेब बोलतायत आणि आपण फोन कसा आपटायचा, या संस्कारावर त्यांचा धंदा चालतो. फोन ठेवला की नाटक संपलं. म्हणजे जो "ठेवू नका" म्हणतो, त्याचाच फोन सर्वात आधी ठेवायचा.

आणि मग? मग आपण फोन लावायचा. बँकेचं काम असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. भाचा अपघातात सापडला म्हणत असतील तर भाच्याच्या नेहमीच्या नंबरवर. आलेल्या कॉलच्या नंबरवर विश्वास ठेवायचा नाही, आपण स्वतः शोधून लावलेल्या नंबरवर ठेवायचा. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही, आला तरी तो दोन मिनिटांत जातो. आणि समोरच्याने "स्टार ४०१ लावून पुढे हा नंबर दाबा" असं सांगितलं तर मुळीच दाबायचं नाही. त्याने आपले कॉल दुसऱ्याकडे वळू शकतात.

क्रेडिट कार्ड, कर्ज, प्लॉट विकणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तो त्रास आहे, दरोडा नव्हे. तिथे बोलणारी मुलगी बहुधा महिन्याच्या टार्गेटखाली दबलेली असते. तिच्यावर ओरडून काय मिळणार? "नको, धन्यवाद" म्हणावं, फोन ठेवावा आणि जमलं तर १९०९ ला तक्रार करावी. राग करायचाच तर तिला आपला नंबर पुरवणाऱ्याचा करावा.

शेवटचं घरातल्या तरुण मंडळींना. फसलेल्या माणसाला "तुम्हाला कळलं कसं नाही?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. या भीतीनेच लोक गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यातच पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात. १९३० वर ताबडतोब फोन केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता तरी असते. आधी १९३०, मग बँक.. आणि उपदेश अगदी शेवटी, केलाच तर!

आता यंत्राने आवाजाचीही नक्कल होते म्हणतात, तेव्हा नंबर ओळखीचा आणि आवाजही ओळखीचा असा दिवस येणारच. म्हणून आपल्या घरापुरता एक नियम मी आजच करून टाकतो. माझा फोन आला, मी घाईघाईने पैसे मागितले, तर मी मुलगा-भाचा-पुतण्या कोणीही असलो तरी माझाही फोन खुशाल तोडा आणि तुमच्याकडे लिहिलेल्या माझ्या नंबरवर उलट लावा. मी रागावणार नाही. उलट निवांत झोपेन :)