गाणं कोणाचं?

गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला एक गंमत झाली. टेलर स्विफ्टच्या गाण्याआधी निवेदकाने तिचं नाव, अल्बम, साल, सगळं धडाधड सांगितलं. पुढचं गाणं वामनदादा कर्डकांचं. तर म्हणे, "आता एक लोकगीत!" बस्स, एवढंच. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडल्या.

हसू नका, दोन वर्षांपूर्वी मीही असंच बोलले असते. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे टेलरचं करिअर तोंडपाठ! 2006 मध्ये कंट्री गाण्यांचा पहिला अल्बम, 2014 च्या '1989' पासून पूर्ण पॉप. 2019 मध्ये तिची जुनी कंपनी विकली गेली आणि पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग परक्या हातात गेली. बाई रडत बसली नाही. 2021 पासून तीच गाणी पुन्हा गाऊन काढू लागली, आणि 2025 मध्ये मूळ रेकॉर्डिंगही विकत घेतली. आपल्या गाण्यावर आपला हक्क, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

आणि वामनदादा? जन्म 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबात नव्हती. मुंबईत एकाने पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, रडू कोसळलं. मग मोठ्या वयात अक्षरं गिरवली. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि नंतर आयुष्यभर गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गात राहिले. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं. हजारो गाणी! 15 मे 2004 ला गेले. आमच्या उमरीत 14 एप्रिलला भोंग्यावरून ही गाणी मी लहानपणापासून ऐकते. कोणाची, हे कधी विचारलंच नाही. ते विचारायला मला हॉस्टेलची रूममेट भेटावी लागली.

काही जण म्हणतील, गाणं लोकांच्या ओठांवर गेलं की ते लोकांचंच झालं, हाच खरा मान. मान्य! पण तुकोबांचे अभंगही लोकांच्याच ओठांवर आहेत, तरी आपण 'तुका म्हणे' गाळत नाही. वामनदादांनीही कितीतरी गाण्यांच्या शेवटी 'वामन' हे नाव गुंफून ठेवलंय. म्हणजे आपण त्यांचं नाव गातो आणि वर म्हणतो, कवी कोण ते माहीत नाही! ज्या माणसाला आधी अक्षरंच मिळाली नव्हती, त्याने कमावलेलं नाव आपण इतक्या सहज पुसावं?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये संदर्भ दिला नाही तर सर मार्क कापतात. गाण्याला वेगळा नियम का? माझी कमिटीला एकच विनंती आहे. यंदाच्या यादीत गायकाच्या नावापुढे गीतकाराचाही रकाना ठेवा. खर्च शून्य रुपये. शोधायला मी बसते, दोन दिवस द्या.