पाटीआधी भाकरी

गरिबाच्या पोराला शिकायला चार हात लागावेत, ही रीत आपल्याकडे जुनीच. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एका पोरामागे सात यजमान. पण ती पंगत बहुतेक एकाच जातीची होती आणि वाराला बसलेल्या पोराला उपकाराची जाणीव घासागणिक होत असणार.

1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा तिच्यामागे असे यजमान नव्हते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले बिनपगारी शिकवत. मित्रांनी वर्गणी दिली, पुढे सरकारकडूनही थोडी मदत मिळाली. आज स्वयंसेवक म्हणवणाऱ्यांची परंपरा इथून सांगितली जाते, ते बरोबरच आहे. मात्र याच जोतिरावांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे काय मागितले, हे सोयीस्करपणे गाळले जाते. रयतेच्या घामातून तिजोरीत पैसा येतो, तेव्हा किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सरकारला बजावले. पदरमोड करून शाळा चालवलेल्या माणसाला पदरमोड कुठवर पुरते, हे नेमके ठाऊक होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी केली आणि 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे तशाच धर्तीचे विधेयक इंग्रजांच्या कायदेमंडळात काही वर्षांपूर्वीच पडले होते. संस्थानिकाने ते करून दाखवले.

पण दान म्हणजे काय, हे खरे उमगले ते कर्मवीर भाऊराव पाटलांना. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 मध्ये साताऱ्याचे बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाची अडचण पुस्तकाची नाही, मुक्कामाची आणि जेवणाची आहे, हे त्यांनी हेरले. सगळ्या जातींची मुले एकाच छपराखाली राहत, स्वतः दळण-कांडण करत, भाकऱ्या थापत आणि एका पंगतीत जेवत. सुगीत शेतकरी धान्य घालत. कधी कोठी रिकामी पडे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून या पोरांच्या पोटासाठी गेले, शेवटी मंगळसूत्रही. ‘कमवा आणि शिका’ हे नाव फार मिरवले गेले. त्याचा अर्थ इतकाच की पोराने कुणापुढे मान खाली घालायची नाही. भाऊरावांनी खेडोपाडी ज्या व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्याही पुढे सरकारी शाळा मंडळांकडे सोपवल्या गेल्या. त्यात कमीपणा कसला?

1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालशिक्षणाचे काम करू लागल्या, नंतर कोसबाडला. तिथली आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे. मग शाळाच कुरणात गेली. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली बसून खडे आणि बिया मांडून मोजताहेत, ही कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही म्हणून पालकांना बोल लावणाऱ्यांनी तिचा अभ्यास करावा.

आता आजचे बघा. जूनमध्ये दप्तरे वाटली जातात, फोटो निघतात, बॅनर लागतो. दप्तर वाईट नाही. पण दिवाळी उरकली की बीडचा ऊसतोड कामगार उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीच्या फडावर निघतो आणि ते दप्तर कोपीत जाऊन पडते. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, पहाटे आईबाप फडात गेले की चुलीपाशी बसते. साखरशाळा निघाल्या, काही बंदही पडल्या. गावीच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हा भाऊरावांच्याच वाटेवरचा उपाय. पण अनेक ठिकाणी अनुदान उशिरा येते आणि तोवर गाडी निघून गेलेली असते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, तेव्हा देणगीदाराने सरकारची जागा घ्यायचे कारण नाही. त्याने मधली फट बुजवावी आणि सरकारला जाब विचारावा. फुल्यांनी दोन्ही केले. यंदा एखाद्या मुलाचा खर्च उचलणार असाल, तर दप्तराचा हिशेब बाजूला ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल ते मूल कुठे राहणार, रात्री त्याच्याजवळ कोण असणार आणि त्याला दोन वेळचे कोण वाढणार, एवढे तीन प्रश्न संस्थेला विचारा आणि पैसे त्यासाठी द्या.