कुटुंब आणि कायदा : अज्ञान मुलाची ठेव

जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर पुष्कळदा मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. त्यांच्या पुढे आईचे, काकाचे किंवा मामाचे नाव असते. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालक आहे ते मूल. पुढचे नाव केवळ सांभाळणाऱ्याचे आहे. हा भेद ज्या घरात विसरला जातो, तेथे मूल सज्ञान होईपर्यंत त्याची ठेव परक्याच्या हाती गेलेली असते.

तंजावरच्या मराठी राजघराण्यात असेच घडले. तुळजाजी राजांनी १७८७ साली, आपला अंतकाळ जवळ आलेला पाहून, दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांना सांभाळण्याची विनंती जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांना केली. हा भार आपल्याला एकट्याने पेलणार नाही असे सांगून श्वार्ट्‌झ यांनी राजांचे बंधू अमरसिंग यांचे नाव सुचविले. राजे निवर्तले आणि थोड्याच दिवसांत सांभाळणाराच मालक झाला. दत्तविधान अशास्त्र असल्याचा आक्षेप निघाला, कंपनी सरकारने विचारलेल्या पंडितांनी तो उचलून धरला आणि अमरसिंग गादीवर बसले. मुलाला कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाचीही आबाळ झाली. श्वार्ट्‌झ यांनी पाठपुरावा केला, दत्तविधानाचा पुन्हा विचार झाला, आणि १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली. मधली अकरा वर्षे गेली ती गेलीच.

त्या काळी पालकाला विचारणारे न्यायासन नव्हते. आज ते आहे. हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू होतो. त्याप्रमाणे आई अथवा वडील यांनाही अज्ञान मुलाच्या मालकीचे घर वा जमीन न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता, गहाण टाकता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीचा, अथवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षापलीकडे चालणारा भाडेपट्टाही करता येत नाही. खरी गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसला, तरच न्यायालय परवानगी देते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मुलाला रद्द करवून घेता येतो. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणून खरेदी घेणाऱ्यानेही परवानगीचा हुकूम पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

काका, मामा किंवा आजोबा मुलाला प्रेमाने वाढवीत असतील, पण तेवढ्याने त्याची मालमत्ता विकण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही. तो न्यायालयाने किंवा मृत्युपत्राने नेमलेल्या पालकाकडे, त्यातील मर्यादांसह, असतो. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीतील हिश्श्याला मात्र हा परवानगीचा नियम लागू नाही; तेथे कर्त्याचे अधिकार वेगळे आहेत. इतर धर्मीयांनी आपला वैयक्तिक कायदा व १८९० चा पालक व पाल्य कायदा पाहावा.

आईविषयीही एक शंका नेहमी विचारली जाते. वडील हयात असले तरी ते मुलाची काळजी वाहत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लावला आहे.

आजी-आजोबांना नातवंडाला घर द्यावयाचे असेल, तर बक्षीसपत्र नातवंडाच्याच नावे करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात व त्याची नोंदणी करावी. मुलाच्या वतीने स्वीकार कोण करीत आहे, हेही त्यात लिहावे. पुढे घरभाडे येऊ लागल्यास ते मुलाच्या खात्यात भरावे आणि खर्चाची वही ठेवावी. आप्तांमध्ये हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे; उद्याचा कलह त्यानेच टळतो.

कलहाचे मोल सरफोजींनाही चुकले नाही. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व तनखा उरला. तंट्याचा निवाडा करणाऱ्याच्याच पदरात राज्य पडले. आपल्या घरातील अज्ञान मुलाच्या ठेवीचे कागद कोठे आहेत आणि त्यांवर कोणाचे नाव आहे, हे याच आठवड्यात एकदा काढून पाहावे.