मांडीवर पसरलेलं राज्य

१९८५ साली रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा ४’ हा संगणकावरचा खेळ आला, तेव्हा त्याच्या खोक्यात फ्लॉपी डिस्कसोबत खेळातल्या ब्रिटानिया राज्याचा कापडी नकाशा, अँखचं छोटं धातूचं चिन्ह आणि दोन पुस्तिका होत्या. नकाशावरची नावं रून लिपीत. ती लावायची तर पुस्तिका उघडायची. मंत्रासाठी कोणते जिन्नस एकत्र करायचे, तेही पुस्तिकेतच. अर्धा खेळ पडद्यावर, अर्धा मांडीवर उलगडायचा. आजच्या कलेक्टर्स एडिशन, म्हणजे संग्राहकांसाठीच्या खास आवृत्त्या, कितीतरी भरजरी आहेत. २०११च्या ‘स्कायरिम’सोबत अल्डुइन ड्रॅगनचा पुतळा आला, २०१५च्या ‘द विचर ३’सोबत ग्रिफिनशी झुंजणारा खेळाचा नायक गेराल्ट. कारागिरी डोळ्यांत भरते. पण खेळताना या पुतळ्यांना हात लावायची वेळ येत नाही, ते कपाटातच राहतात. मला मोल वाटतं ते नकाशाचं. ज्या डोंगरदऱ्यांतून रात्र रात्र वाट काढली, त्यांच्यावरून बोट फिरवताना तो प्रदेश आपला होतो. म्हणून खेळ घडवणाऱ्यांकडे एकच मागणं: पुतळा हवा तर लहान करा, पण कापडी नकाशा आणि मन लावून लिहिलेली पुस्तिका प्रत्येक खोक्यात, अगदी साध्या आवृत्तीतही, असू द्या.