डाळीआधी परिचारिका

गरिबांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही, तेव्हा पैशाचे वा धान्याचे आमिष दाखवूनच त्यांना दवाखान्यापर्यंत आणावे लागते, असा एक समज सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे. त्याच्या समर्थनार्थ राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा दाखला पुढे केला जातो. म्हणूनच तो दाखला नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी ह्यांनी 'सेवा मंदिर' ह्या संस्थेच्या साहाय्याने तेथील १३४ खेड्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही गावांत दरमहा नेमाने लसीकरणाचे शिबिर भरविण्यात आले. आणखी काही गावांत शिबिराच्या जोडीला प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच देण्यात आला. जेथे ह्यांपैकी काहीच नव्हते, तेथे पूर्ण लसीकरण झालेली बालके शेकडा ६ आढळली; केवळ शिबिर होते तेथे १८, आणि शिबिर व डाळ दोन्ही होती तेथे ३९.

म्हणजे डाळीचा दाणाही न देता, केवळ परिचारिका ठरल्या दिवशी हजर राहताच प्रमाण तिप्पट झाले! त्याच जिल्ह्यातील आधीच्या एका पाहणीत उपकेंद्रांवरील सुमारे ४५ टक्के कर्मचारी गैरहजर आढळले होते. मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला दाराला कुलूप दिसत असेल, तर अडाणी कोणाला म्हणायचे?

डाळीचे मोल मात्र नाकारण्याचे कारण नाही. बुडालेल्या मजुरीची ती अल्पशी भरपाई आहे. शिवाय ती उधळपट्टीही ठरली नाही. शिबिरात दहा मुले येवोत वा चाळीस, परिचारिकेचे दिवसाचे वेतन तेवढेच. त्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागील खर्च २,२०२ रुपयांऐवजी १,१०२ रुपये पडला.

परंतु बंद उपकेंद्रापुढे डाळीचे पोते ठेवून रोगराई हटणार नाही. शासनाची जबाबदारी गरिबाच्या 'सवयीं'वर ढकलण्यासाठी प्रोत्साहनाचा वापर होऊ लागला, तर त्याला विरोधच केला पाहिजे. दोन्ही गोष्टी मिळूनही शंभरातील ६१ बालकांचे लसीकरण अपुरेच राहिले, ह्याचेही भान असावे. कार्यकर्त्यांनी मागणीचा क्रम पक्का ठेवावा: प्रथम नेमाने उघडणारे उपकेंद्र, मग त्याच्या दारात डाळ.