संगीतयंत्र आणि भिंत

माझ्या षष्ट्यब्दिपूर्तीस मुलांनीं शाल व श्रीफळ यांबरोबर एक आटोपशीर स्टिरिओ संच भेट दिला. मध्यें ठेवावयाची एक धातूची पेटी, जींत रेडिओ आहे, तबकडी वाजविण्याची सोय आहे व मोबाइलमधील गाणें वायरीवांचून ऐकतां येतें. आणि तिच्या दोहों बाजूंस ठेवावयाचे दोन स्पीकर, एवढाच त्याचा विस्तार. संच खोक्यांतून बाहेर निघाला, तेव्हां घरांत एकच प्रश्न झाला कीं, हा ठेवावयाचा कोठें? त्या प्रश्नाचा निकाल आम्हीं केवळ शोभेच्या दृष्टीनें लावला. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत पेटी बसली, दोन्ही स्पीकर तिला खेटून उभे राहिले, वर क्रोशाचा रुमाल आला आणि रुमालावर फुलदाणी. संचाबरोबर आलेली माहितीपुस्तिका मीं न वाचतां खणांत टाकली. ‘उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा’ असें तीस वर्षें वर्गांत सांगत आलेल्या मास्तरानें असें करावें, यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना काय म्हणावयाचें असेल तें त्यांनीं म्हणावें. पुढें जें घडलें, तें सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु असा संच आज पुष्कळ वाचकांच्या घरीं आहे, म्हणून या महिन्यांत तेंच लिहितों.

संचाच्या वायरीस तीन पिनांचा प्लग होता, आणि कपाटाजवळच्या भिंतींत जुन्या बोर्डावर सॉकेट होतें दोन छिद्रांचें. कोपऱ्यावरच्या दुकानांत तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसवून देणारा एक लहानसा जोड मिळाला. तो लावतांच गाणें सुरू झालें, आणि आपण एक अडचण शिताफीनें दूर केली अशा समाधानांत मी आरामखुर्चींत बसलों.

पावसाळा लागला. सकाळीं फरशी पुसून झाली, कीं अनवाणी, ओल्या पायांनींच सौभाग्यवती संचावरील धूळ फडक्यानें टिपीत असे. एके दिवशीं ती म्हणाली, “अहो, ही पेटी पुसतांना बोटांत झिणझिण्या येतात.” मीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतांच सांगितलें, “वात असेल. नारायण तेल लावून पाहा.” तिनें तेल लावलें. झिणझिण्या थांबल्या नाहींत. त्या फक्त सकाळींच येतात, दुपारीं चप्पल घालून पेटीस हात लावला तर येत नाहींत, हेंहि तिनें दोनतीनदां सांगितलें. शास्त्रज्ञानें करावें तसें तें निरीक्षण होतें. परंतु ऐकणारा मी होतों. श्रावणांत पंखा दुरुस्त करावयास वायरमन आला, तेव्हां तिनें मला न विचारतां त्यालाच ती गोष्ट सांगितली. त्यानें खिशांतला टेस्टर काढून पेटीच्या आवरणास टेकविला. टेस्टरांतील लहानसा दिवा लागला. “मास्तर,” तो म्हणाला, “ह्याला अर्थिंगच नाहीं.”

त्या दिवशीं दुपारीं मीं ती पुस्तिका खणांतून काढली व पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

तीन पिनांच्या प्लगांतील वरची पिन इतर दोहोंपेक्षां लांब व जाड असते. ती लांब कां, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. प्लग आंत शिरतांना तिचा संबंध सर्वांच्या आधीं जुळावा आणि बाहेर येतांना सर्वांच्या शेवटीं सुटावा, हा तिच्या लांबीचा हेतु. बाकीच्या दोन पिना विजेला आंत नेतात व परत आणतात. ही तिसरी संचाचें धातूचें आवरण जमिनीशीं जोडून ठेवते. अशा संचाच्या आंत, पुरवठ्यांतील गोंगाट गाळण्यासाठीं कांहीं कपॅसिटर बसविलेले असतात व त्यांतून किंचित् वीज आवरणाकडे सारखी झिरपत असते. अर्थिंग असेल तर ती निमूटपणें जमिनींत जाते. मीं आणलेल्या जोडानें तिची वाट बंद झाली होती, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या देहांतून तिनें दुसरी वाट काढली होती. झिरपणें थोडें होतें म्हणून झिणझिण्यांवर भागलें. आंतील एखादी जिवंत वायर सुटून आवरणास टेकली असती, तर अर्थिंगच्या वाटेनें मोठा प्रवाह जाऊन फ्यूज उडाला असता व तेवढ्यावर प्रकरण मिटलें असतें. आमच्या घरीं फ्यूज उडाला नसता. त्यापुढचा विचार मीं त्या दिवशीं पुष्कळ वेळ केला.

वायरमननें स्वयंपाकघरापर्यंतच आलेली अर्थिंगची तार दिवाणखान्यांत ओढून आणली, आयएसआय चिन्हाचें तीन छिद्रांचें सॉकेट बसविलें आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी नांवाचें एक उपकरण लावलें. जाणारी व परत येणारी वीज तें सारखी पडताळून पाहतें, आणि दोहोंत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला कीं डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं पुरवठा तोडतें. ज्यांच्या घरीं एमसीबी आहेत, त्यांपैकीं पुष्कळांना तेवढें पुरेसें वाटतें. परंतु एमसीबी राखतें तें भिंतींतील तारांना, माणसाला राखण्याइतकी तिची नजर बारीक नाहीं. आरसीसीबीवर परीक्षेसाठीं एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें. घरांतील वीज गेली म्हणजे उपकरण जागें आहे असें समजावें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. कित्येक संचांना मुळांतच दोन पिनांचा प्लग असतो, व मागील पट्टीवर एकांत एक असे दोन चौकोन काढलेले असतात. ही खूण दुहेरी आवरणाची होय; अशा संचास अर्थिंगची गरज नसते. परंतु तो प्लग तीन छिद्रांच्या सॉकेटांत शिरावा म्हणून वरच्या छिद्रांत पेनाचें टोक किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून आंतील पडदा उघडण्याची जी विद्या घरोघर लहान मुलांस येऊं लागली आहे, ती तत्काळ बंद करावी. पडदा तेथें बसविला आहे तो मुलांच्या बोटांसाठींच. त्या सॉकेटास जुळणारा प्लग वायरमनकडून बसवून घेण्यास फारसा खर्च येत नाहीं.

परदेशीं असलेल्या मुलांनीं आणलेल्या संचांची गोष्ट निराळी. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टांचा. अमेरिकेंत तो १२० व्होल्टांचा व जपानांत १०० व्होल्टांचा. आमच्या सोसायटींतील एका गृहस्थांच्या चिरंजीवांनीं अमेरिकेहून हौसेनें आणलेला संच येथील सॉकेटांत लावतांच एका मिनिटांत जळका वास सुटला व संच कायमचा मुका झाला. व्होल्ट दुप्पट झाले म्हणजे वीज दुप्पट लागते असें आपण समजतों. पण साध्या वायरीच्या वेटोळ्यांतहि ती वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे चौपटीनें वाढते. संचाच्या मागील पट्टीवर ‘१००–२४०’ असा आंकडा असेल तर चिंता नाहीं. नुसता ‘१२०’ असेल, तर योग्य शक्तीच्या ट्रान्सफॉर्मरावांचून तो लावूं नये. कांहीं संचांना मागें व्होल्ट बदलण्याची कळ असते. ती प्लग लावण्यापूर्वीं पाहावी, नंतर नव्हे.

आतां तो कांचेच्या कपाटांतील थाट. ॲम्प्लिफायर वाजत असतांना तापतो, आणि त्याची ऊब जाण्यासाठीं आवरणास वर व मागें फटी ठेवलेल्या असतात. आम्हीं वरच्या फटी रुमालानें झांकल्या होत्या व मागच्या भिंतीनें. भोंवतीं निदान १० सेंटिमीटर जागा मोकळी असावी, आणि बंद कपाटांत ठेवणें भागच असेल, तर संच वाजत असेतोंपर्यंत दार उघडें असावें. फुलदाणीविषयीं काय सांगावें? ज्या पेटींत वीज खेळते, तिच्या डोक्यावर पाण्याचें भांडें ठेवणें आम्हां चारपांच शिकलेल्या माणसांस आठ महिने शोभेचें वाटलें. गणपतीचे दिवस आले, कीं संचावरच मखर मांडून पुढें निरांजन लावणारींहि घरें मीं पाहिलीं आहेत. शिवाय मखराच्या दिव्यांच्या माळा त्याच बोर्डांतून काढलेल्या असतात, व कोणी त्यांतच इस्त्री लावतो. इस्त्रीस तिचें वेगळें सॉकेट द्यावें. फटींतून पाली व झुरळें आंत शिरतात, हा अनुभव पुष्कळांचा असेल. तरी झांकण उघडण्याच्या भरीस पडूं नये. प्लग काढल्यानंतरहि आंतील कपॅसिटरांत वीज कांहीं वेळ सांठून राहते. आणि तबकडी वाचणारा लेसर किरण डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्यापासून डोळ्यांनीं सावध राहणेंहि शक्य नाहीं.

स्पीकरांकडे वळतों, कारण येथें सुरक्षितपणाबरोबर रसिकतेचाहि प्रश्न आहे. ‘स्टिरिओ’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘घन’ असा आहे. १९३१ सालीं इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन या २८ वर्षांच्या इंजिनिअरनें दोन वाटांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. ऐकणाऱ्याला आवाज कोणत्या दिशेनें येतो तें कळावें, हा त्यांतील विचार. दोन स्पीकर एकमेकांस खेटून ठेवले, म्हणजे तो सारा विचार फुकट जातो. दोन स्पीकर व आपली खुर्ची मिळून समभुज त्रिकोण व्हावा, सहासात फुटांची एकेक बाजू पुरे. स्पीकराचा वरचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाइतका उंच असावा. भिंतींच्या कोपऱ्यांत तो कोंबला, तर खर्जाचा आवाज घुमतो व गायकाचे शब्द त्यांत बुडतात. एकदीड फूट पुढें ओढतांच ते वर येतात. आमच्या घरीं ही मांडणी प्रथम झाली, त्या संध्याकाळीं तबला उजवीकडे व सारंगी डावीकडे अशीं निरनिराळीं ऐकूं आलीं, आणि आठ महिने आपण काय ऐकत होतों असा प्रश्न पडला.

वायरी जोडतांना संचाचा प्लग काढलेला असावा. वायरीच्या टोकाच्या बारीक तारा नीट पिळून घ्याव्या. एखादी सुटी तार शेजारच्या टोकास लागली, तर ॲम्प्लिफायर जळूं शकतो. तांबडें टोक तांबड्यास व काळें काळ्यास, हा नियम दोन्ही स्पीकरांस पाळावा. एकाचीं टोकें उलटीं लागलीं तर अपघात होत नाहीं, परंतु एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, आणि डग्ग्याचा घुमारा दोघे मिळून खाऊन टाकतात. रांगतें मूल घरांत असेल तर लोंबती वायर भिंतीशीं बांधून टाकावी. सतरंजीखालून वायर मात्र नेऊं नये. ती पायांखालीं झिजते आणि झिजलेली दिसत नाहीं.

वैशाखांत वळवाचे ढग दाटून आले, कीं संचाचा प्लग व एरिअलची तार दोन्ही काढून ठेवावीं. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. इतक्या दुरून येणाऱ्या विजेस बटणांतील एवढेंसें अंतर ओलांडण्यास कितीसे श्रम? हें काम गडगडाट सुरू होण्यापूर्वीं करावें. वीज गेली व परत येण्याची वाट पाहत असलों, तेव्हांहि प्लग काढलेला बरा, कारण परत येतांना ती पुष्कळदां अंगावर धांवून आल्यासारखी येते.

आवाजाविषयीं मला आमच्या नातीनें शिकविलें. वय झालें, कीं कानास वरचे स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात. म्हणून मी आवाज वाढवीत असें, आणि त्याचा त्रास तिच्या कोवळ्या कानांस होत असे. आठवड्यांतून ४० तास ऐकावयाचें असेल, तर प्रौढांनीं ८० डेसिबलांपलीकडे जाऊं नये व मुलांनीं ७५ पलीकडे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पुढें दर ३ डेसिबलांस ऐकण्याचा काळ निम्मा करावा लागतो. हे आंकडे तिला ठाऊक नव्हते. तिनें आजीच्या पाकिटांतली एक तांबडी टिकली काढली, आवाजाच्या खुंटीशेजारीं चिकटविली व मला सांगितलें, “आजोबा, ह्याच्या पुढें जायचं नाहीं.” रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतचा काळ, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं, रात्रीचा मानला आहे, व निवासी वस्तींत त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबलांची आहे. भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा अभ्यास करीत असला, तर नियमापर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं.

आतां संच पुसण्यापूर्वीं सौभाग्यवती प्लग काढते, कोरडें फडकें घेते, आणि पुसून झाल्यावर प्लग लावण्यासाठीं मला हांक मारते. फुलदाणी खिडकींत गेली आहे. तिच्याशेजारीं ती नारायण तेलाची बाटलीहि आहे. ती मी गुडघ्यांस लावतों.