एन्झाइम टिकले, पण काम किती उरले?

रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये एन्झाइम टिकवण्यावरचे लेख आमच्याकडे आता नेमाने येतात. बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: मोकळे एन्झाइम निकामी झाले, रेशमातले टिकले. त्यावर आमचा विश्वास आहे. १९८९ मध्ये डेमुरा आणि आसाकुरा यांनी फायब्रॉइनच्या पापुद्र्यात ग्लुकोज ऑक्सिडेज बसवून ग्लुकोज सेन्सर करून दाखवला होता. २००९ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड कॅप्लान यांच्या गटाने ग्लुकोज ऑक्सिडेज, लायपेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम रेशमाच्या पापुद्र्यांत ३७ अंशांवरही दहा महिने बऱ्याच प्रमाणात क्रियाशील राहतात, हे सिद्ध केले. ग्लायसिन-अ‍ॅलनिनच्या साखळ्या बीटा-शीटमध्ये घट्ट बसतात, एन्झाइमची हालचाल आवरतात आणि त्याची घडी उलगडू देत नाहीत. पाया भक्कम आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न आता टाळता येणार नाही: शरीरात हे एन्झाइम किती काम करते?

अ‍ॅस्परॅजिनेजचे उदाहरण घेऊ. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हे औषध रक्तातले अ‍ॅस्परॅजिन संपवून कर्कपेशींची उपासमार करते. ई. कोलायपासून मिळत असल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध लवकर निष्प्रभ होते. फायब्रॉइनच्या नॅनोकणात ते झाकले गेले, तर प्रतिपिंडे आणि प्रोटिएज दूर राहतील. अ‍ॅस्परॅजिनचा रेणू मात्र लहान असल्याने आत पोहोचू शकेल. कल्पना उत्तम आहे.

अडचण मोजमापात आहे. रक्तद्रवात अ‍ॅस्परॅजिन साधारण ५० मायक्रोमोलर असते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत मात्र ते कित्येक मिलिमोलर घातले जाते. समजा, मोकळ्या एन्झाइमचा केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारी सांद्रता) १५ मायक्रोमोलर आहे आणि नॅनोकणात तो १५० झाला. १० मिलिमोलरच्या चाचणीत दोन्हींचा वेग कमाल वेगाच्या ९८ टक्क्यांहून अधिक येईल आणि काही बिघडले आहे असे वाटणारच नाही. ५० मायक्रोमोलरवर मोकळे एन्झाइम ७७ टक्के वेगाने चालेल, नॅनोकणातले २५ टक्के. चाचणीत उत्तीर्ण झालेले एन्झाइम रुग्णाच्या रक्तात तिपटीने मंद ठरेल.

कोरड्या पावडरीच्या साठवणुकीबाबतही हेच. बाटलीतले वर्षभराचे टिकणे शीतसाखळीसाठी मोलाचे आहे, पण ३७ अंशांच्या रक्तद्रवातले तास त्यावरून कळत नाहीत. नॅनोकण अ‍ॅसिटोनमध्ये घडवताना किती एन्झाइम तिथेच मेले आणि किती नंतर कणांतून पाझरले, हा हिशेबही बहुधा लेखात नसतो.

तिसरी उणीव कच्च्या मालाची आहे. जालन्याच्या कोष बाजारातून आणलेले कोष आणि विदर्भातले टसर यांचे फायब्रॉइन एकसारखे नसते. एकाच जातीचे कोषही सोडियम कार्बोनेटमध्ये ३० मिनिटे उकळले की एक रेणुभार मिळतो, ६० मिनिटे उकळले की त्याहून बराच कमी. त्याने कणाचा आकार आणि एन्झाइम सुटण्याचा वेग दोन्ही बदलतात. सेरिसिन नीट निघाले नाही, तर पेशींची प्रतिक्रियाही बदलू शकते. तरीही अनेक लेखांत केवळ ‘बाजारातून घेतलेले कोष’ एवढीच नोंद असते. असा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेने पुन्हा करायचा कसा?

म्हणून यापुढे एन्झाइम टिकल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक लेखात आम्ही चार गोष्टी मागणार आहोत. मोकळ्या आणि बांधलेल्या एन्झाइमचा केएम व कमाल वेग, शरीरातल्या सांद्रतेवर मोजलेली क्रियाशीलता. ३७ अंशांच्या रक्तद्रवातला अर्धायुष्यकाल. घातलेल्या, अडकलेल्या आणि पाझरलेल्या एन्झाइमचा ताळेबंद. आणि कोषाची जात, हंगाम व डिगमिंगची, म्हणजे सेरिसिन काढण्यासाठी उकळण्याची, वेळ.

यामुळे काही निकाल पूर्वीइतके देखणे दिसणार नाहीत. त्याने कोणाचा लेख मागे पडणार नाही. चारही मोजमापे चोख असतील आणि एन्झाइम कमी पडले असेल, तर तो लेखही आम्ही छापू. पुढचा नॅनोकण कुठे सुधारायचा, हे त्यातूनच कळेल.